मुकुटाला घुंगरं

"तोंड बघू नका पावणं, हात बघा."

चर्चमध्ये कुणी नवा माणूस शिरला की सिस्टर दोनदा टाळी वाजवायच्या, मनगटावरचं मोठं पुरुषी घड्याळ मागं सारायच्या आणि हे सुनवायच्या. आलेला माणूस आधी स्वतःचेच हात बघायचा. काही घाण लागलीय का, म्हणून.

"तुमचं न्हवं, त्यांचं." सिस्टर भिंतीवरच्या संतांकडं हनुवटी करायच्या. "तोंडं काय, रंगाऱ्यानं सगळ्यांची एकच काढल्यात. दाढी लावली, डोळं वर केलं, झाला संत. माणूस वळखायचा तर हातात काय हाय ते बघायचं. किल्ली हाय? हा स्वर्गाचं दार उघडतोय. काठीला फुलं फुटल्यात? हे मेरीमातेचं मालक. आणि हिच्या हातात बघा, ताट हाय."

एकदा एक बाई ताटाकडं बघून म्हणाल्या, "गुलाबजाम हाईत व्हय?"

"डोळं हाईत. देवापायी हिचं काढलेलं."

त्या बाई मागच्या बाकावर बसल्या त्या, पाणी आणून देईपर्यंत उठल्या नाहीत.

मला मात्र सिस्टरांचं पटलं. आमच्यातही तसंच आहे. अंबाबाईच्या हातात म्हाळुंगाचं फळ, जोतिबाच्या हातात तलवार. हातातलं काढून घेतलं तर देव ओळखायचा कसा?

कॉन्व्हेंट म्हटलं की लोकांना टाय लावलेली पोरं दिसतात. शाळा नंतरची. आधी सिस्टर लोकांचं राहायचं घर आणि घराला चिकटून त्यांचं चर्च. कोल्हापुरात शाहूपुरीची गर्दी ओलांडून गेलं की काळ्या दगडाची भिंत लागते, तिच्या आत. नाव सांगत नाही. सांगितलं तर तुम्ही जाल आणि मेरीमातेच्या मुकुटाकडं टक लावून बघत बसाल. तसं कुणी बसलेलं मला नको आहे. का, ते पुढं येईलच.

मी हुपरीचा. चांदीचं काम. शाळा चौथीपर्यंत, तीही मास्तरांच्या मेहरबानीनं. लिहायची सवय नाही. पण आता घरात बोलायला कुणी राहिलं नाही, म्हणून कागदाला बोलतो. कागद मधी तोंड घालत नाही, हा एक फायदा. आमची बायको घालायची.

सिस्टर मंगळूरकडच्या. अंगानं बुटक्या, रुंद, पायात कॅनव्हासचे बूट. तरुणपणी इथं आल्या तेव्हा मराठीचा एक शब्द येत नव्हता. कॉन्व्हेंटच्या स्वयंपाकघरात गारगोटीची एक बाई होती, तिच्या हाताखाली सिस्टरांचं मराठी शिजलं. त्यामुळं इंग्रजी बोलायच्या परीटघडीचं, आणि मराठी सुरू झालं की गारगोटीचा बाजार भरायचा. मोठे मोठे साहेब बायकापोरं घेऊन चर्च बघायला यायचे. त्यांना वाटायचं, आता ही पांढऱ्या कपड्यातली बाई मऊ आवाजात काहीतरी सांगणार. आणि सिस्टर म्हणायच्या, "चपला कशापायी काढल्या? हितं घालून आलं तरी चालतंय. आता काढलाच हाईसा तर ऱ्हाऊंद्यात, फरशी तरी गार लागंल."

चर्चचा इतिहास त्यांच्या तोंडून ऐकावा. संस्थानाच्या काळात समुद्रापलीकडनं पहिल्या सिस्टर आल्या. बोटीनं, मग आगगाडीनं, मग बैलगाडीनं. बरोबर लाकडी पेटीत, गवतात गुंडाळलेली मेरीमाता. कडेवर बाळ. घाटात गाडी आपटली आणि मेरीमातेचं एक बोट गेलं. इथल्या सुतारानं नवं करून बसवलं. आता सुतार कोल्हापूरचा. त्यानं आपल्या बघण्यातलं बोट केलं. बाकीची बोटं शेवग्याच्या शेंगेगत, आणि हे एक चांगलं भरलेलं, भाकरी थापणारं.

"हे बोट आपलं हाय," सिस्टर सांगायच्या. "बाकीची बाई परदेशी."

उजव्या भिंतीवर येशूच्या जन्माचं चित्र आहे. मूळचं चित्र वाळवीनं खाल्लं, म्हणून इथलाच एक रंगारी बसवला. त्याला म्हणाले, गोठा काढ. गोठा म्हटल्यावर कोल्हापूरचा माणूस काय काढणार? त्यानं म्हैस काढली. शिंगांना तेल लावलेली, गळ्यात कवड्यांची माळ, अंग असं तकतकीत की हात फिरवावा. बाळापेक्षा म्हशीवर मेहनत जास्त. बाहेरगावचे एक फादर ते बघून म्हणाले, "बेथलेहेममध्ये म्हैस कुठून आली? तिथं बैल होता."

सिस्टर म्हणाल्या, "फादर, बाळंतीण बाई हाय. तिला दूध नको? बैलाचं काढून देऊ व्हय?"

आणि भिंती. भिंतींचा चुना गूळ घालून मळलेला, जुन्या पद्धतीचा. सिस्टरांना त्याचा फार अभिमान. "जगात चर्चं लई हाईत, पण गुळावर उभं असलेलं ह्येच." हे एकदा शाहूपुरीतल्या एका जुन्या गूळ व्यापाऱ्यासमोर बोलल्या. त्यानं इकडंतिकडं बघितलं, खांबामागं गेला आणि भिंतीला जीभ लावली. परत येऊन रुमालानं तोंड पुसत म्हणाला, "माल एक नंबरचा न्हवता."

सिस्टरांनी त्याला बाहेर काढला. आठवडाभर येईल त्याला सांगत होत्या, "आमच्या भिंतीला नावं ठेवतंय. चाटून!"

माझी त्यांची गाठ पडली ती झुरळामुळं.

एका दुपारी सिस्टर एसटीनं हुपरीत आल्या. मांडीवर स्टीलचा डबा. कुणीतरी आमचं घर दाखवलं. दारातच विचारलं, "चांदीचं काम करता न्हवं?"

मी म्हटलं, "हुपरीत दुसरं काय करत्यात?"

"मग हे जोडून द्या." डब्यात मुकुट. एका बाजूनं चेपलेला, दोन पाकळ्या तुटलेल्या.

"पाडला कुणी?"

"मीच. मेरीमातेच्या डोक्यावर झुरळ चढलतं. जाळ्याच्या झाडूनं हाणलं. झुरळ गेलं निघून, मुकुट खाली."

मी मुकुट कसोटीच्या दगडावर घासला. परत घासला. म्हटलं, "सिस्टर, हे पितळ हाय. वर चांदीचं पाणी दिलंय."

"बोटीनं आलाय तो. परदेशातनं."

"पितळबी बोटीनं येतंय की."

आमची बायको आतून ऐकत होती. ती पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि माझ्यावरच घसरली, "जरा दमानं सांगाय येत न्हाई? बाई उन्हातनं आल्यात." मग सिस्टरच हसायला लागल्या. घड्याळ असलेला हात कपाळावर मारून म्हणाल्या, "म्हंजे येवढी वर्षं आम्ही हिची पितळंवर बोळवण केली. आणि ही एका शब्दानं बोलली न्हाई. म्हणून तर ती तिकडं वर, आणि मी हितं झाडू घेऊन."

नवा मुकुट खऱ्या चांदीचा करायचा, असं त्यांनी तिथंच ठरवलं. चांदी कुठली? त्यांनी बायकांना सांगितलं, घरात तुटकी पैंजणं पडली असतील ती द्या. चर्चमधल्या बायकांनी दिली, शाळेतून शिकून गेलेल्या पोरींनी दिली. हिंदूंच्या बायकांनी दिली, मुसलमानांच्या बायकांनी दिली. पिशवीभर पैंजणं घेऊन सिस्टर परत आल्या. बरोबर जुन्या मुकुटाचं, नवा होता तेव्हाचं, एक पुसट चित्र. वर पाकळ्या, आणि खालच्या काठाला गोल गोल बारीक काहीतरी.

आता हुपरीचं काम कसं चालतं ते सांगितलं पाहिजे. चांदी वितळवणं, तार ओढणं, पत्रा काढणं हे पुरुषाचं. घुंगरू जोडणं बाईचं. आमची बायको लग्न होऊन आली ती जोडायलाच बसली. मांडीवर पाट, एका हातात चिमटा, तोंडानं मला शिव्या. जन्मभर तिनं घुंगरं जोडली. पण तिच्या हातचं एक काम घरात नाही. आम्ही चांदीवाले, आमच्या घरात चांदी थांबत नाही. पैंजण झालं की बाजारात. ते कुठल्या गावात कुणाच्या पायात वाजतं, कोण सांगणार?

पैंजणं वितळवायला मुशीत टाकायच्या आधी तिनं सगळी घुंगरं कापून वाटीत ठेवली. मला वाटलं, मागनं वितळवायला देईल. मी पत्रा काढला, पाकळ्या ठोकल्या, कडं वळवलं आणि जोडायला तिच्यासमोर ठेवून कोल्हापूरला कामाला गेलो. संध्याकाळी आलो तर मुकुट तयार. उचलला.

छन्.

"हे काय केलंस?"

"चित्रात हाईत की. गोल गोल."

"अगं बये, मोती असतील ते!"

तिनं चित्र डोळ्याजवळ नेलं, लांब नेलं. चूक कळली होती, पण कबूल करील ती बायको कसली. म्हणाली, "असतील. पण बायकांनी पायातलं काढून दिलंय. पायात हुतं तवा वाजत हुतं. डोक्यावर चढलं म्हणून मुकं करायचं?"

मी आडवा पडलो. दुसऱ्या दिवशी सिस्टर आल्या. त्यांनी मुकुट उचलला. छन्. खाली ठेवला. छन्. माझ्याकडं बघितलं. मी आढ्याकडं बघितलं.

आमची बायको म्हणाली, "सिस्टरबाई, तिच्या कडंवर पोरगं हाय. अंधारात जागं झालं, तर आई कुठं हाय ते त्याला कळाय नको?"

सिस्टर मुकुट हातात धरून उभ्याच राहिल्या. मग तो डब्यात घातला, झाकण लावलं आणि म्हणाल्या, "अक्का, फादर मला मारणार." आणि हसत हसत एसटीला गेल्या.

फादरांनी मारलं नाही, पण मारायच्या बेताला आले. कारण पंखा. मेरीमाता बाजूच्या कोनाड्यात उंचावर उभी आणि समोरच्या खांबावर, भिंतीला लावतात तसला पंखा, मान हलवणारा. तो इकडं लोकांकडं बघायचा, सावकाश मान वळवून मेरीमातेकडं बघायचा, की छन्. परत लोकांकडं. परत तिच्याकडं, छन्. तुम्ही सांगा, असल्यात प्रार्थना कशी व्हायची? फादर स्वभावानं गरीब, डोक्यानं टक्कल. प्रवचनात म्हणाले, "देव शांततेत बोलतो." जरा थांबले. छन्.

सगळं चर्च हसलं.

फादर नंतर म्हणाले, "सिस्टर, मुकुट वाजतोय."

"मुकुट न्हाई वाजत फादर. पंखा वाजवतोय. पंख्याला बोला."

फादरांना राग आला. त्यांनी पंखा बंद करायला लावला. महिना मे. मेरीमातेचा महिना म्हणून रोज संध्याकाळी प्रार्थना, रोज गर्दी. बायका गाण्याच्या पुस्तकानं वारा घेतायत. फादरांच्या टकलावर रंगीत काचेतून लाल उजेड पडायचा, त्यात घामाची धार, ते स्वतःच भिंतीवरच्या हाल झालेल्या संतागत दिसायचे. सिस्टर पंख्याच्या बटणाखाली स्टूल टाकून बसायच्या आणि घड्याळात बघायच्या. महिना सरायच्या आत फादरांनी प्रवचन मध्येच थांबवलं आणि रुमालानं मान पुसत म्हणाले, "सिस्टर, लावा तो पंखा. वाजू दे."

तेव्हापासून घुंगरं पक्की झाली.

आमची बायको त्यानंतर कोल्हापूरला गेली की चर्चला जाऊन यायची. आधी अंबाबाई, मग इथं. मागच्या बाकावर बसायची. मी म्हणायचो, "काय करतीस तिथं?" म्हणायची, "ऐकती. माझं काम वाजतंय ते ऐकती. जन्मात एकच तर जागेवर ऱ्हायलंय."

तिच्या डोळ्यात मोतीबिंदू झाला तेव्हा तिनं त्या ताटवाल्या संतिणीसमोर खण-नारळ ठेवला. ओटी भरली. मला वाटलं, आता सिस्टर रागावतात. त्यांनी खण टेबलाच्या खणात ठेवला आणि नारळ काखेत मारला. पुढच्या खेपेला बायकोनं विचारलं, "सिस्टरबाई, नारळ?"

"शुक्रवारी माशाच्या कालवणात गेला. देवाच्या घरात काय वाया जात न्हाई."

ऑपरेशन चांगलं झालं. कुणामुळं, ते मी विचारलं नाही.

मग ती गेली. आजार नाही, दुखणं नाही. मांडीवर पाट घेऊन बसली होती, चिमटा हातात होता, बसल्या जागी मान टाकली. जास्त लिहीत नाही.

सिस्टर आल्या. तेव्हा त्याही थकल्या होत्या, एसटीच्या पायऱ्या उतरायला त्रास व्हायचा. भावकीतले लोक मला सांगत होते, गप बस, आवर, पुरुषासारखा पुरुष. सिस्टर माझ्यासमोर बसल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, "रडा की पावणं. हुपरीत बाप्यांनी रडायला बंदी हाय का?" मी रडलो. त्यांनी भावकीकडं असं बघितलं की सगळे उठून बाहेर गेले.

इतक्या वर्षांची ओळख, तरी मला पावणंच म्हणायच्या. बायकोला अक्का, मला पावणं.

त्याच साली कॉन्व्हेंटवर नव्या मदर आल्या. मोठ्या सिस्टर, सगळ्यांच्या वरच्या. बाई वाईट नव्हत्या, व्यवस्थित होत्या. चर्चची डागडुजी काढली, चित्रं पुसून घेतली, म्हैस आणखी चमकायला लागली. सणाला बिशप येणार होते. मदरनी सांगितलं, "सिस्टर, सणाच्या आत तो आवाज बंद झाला पाहिजे."

आता ह्या लोकांत एक शपथ असते, आज्ञा पाळायची. वरच्यानं सांगितलं की ऐकायचं, उलटं बोलायचं नाही. आमच्या सिस्टर झुरळाला, फादरना, बिशपलाही ऐकवतील, पण ती शपथ मोडणाऱ्या नव्हत्या. तो स्टीलचा डबा घेऊन त्या माझ्या दारात आल्या तेव्हा मला बघूनच कळलं.

डबा आमच्या दोघांच्या मध्ये ठेवला.

"काढाय लागत्यात," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, "दुसऱ्या कारागिराकडं जावा."

"पावणं..."

"मी काढणार न्हाई सिस्टर. जोड तिचा हाय. तिचं म्हणून दाखवायला माझ्याजवळ दुसरं काय हाय? चूल हाय, ती नव्या गॅसची. लुगडी वाटून टाकली. ह्ये एक हुतं, तुमच्याकडं हुतं म्हणून ऱ्हायलं. हितं असतं तर कवाच इकलं असतं."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. मग म्हणाल्या, "मदर काय म्हणाल्या ते परत सांगते. आवाज बंद झाला पायजे, म्हणाल्या. घुंगरं काढा म्हणाल्या न्हाईत."

"मग?"

"घुंगरू मुकं करता येतंय का?"

येतं. घुंगराच्या पोटात बारीक खडा असतो. त्याची फट जरा उघडली की खडा खाली पडतो. घुंगरू जागेवर राहतं, जोड जागेवर राहतो, आवाज तेवढा जातो. मी उठलो आणि पाटाखालचा तिचा चिमटा काढला. माझाही होता, पण माझा नको वाटला.

एकेक घुंगरू उघडत गेलो. खडे वाटीत पडत होते. सिस्टर मुकुट धरून फिरवत होत्या. वाटेत म्हणाल्या, "पावणं, मला संत केलं तर माझ्या हातात काय देतील?"

"पंख्याचं बटण."

त्या एवढ्या हसल्या की चिमटा सटकला. "आणि अक्काच्या?"

मी चिमटा वर करून दाखवला.

काम सरत आलं. सिस्टरांनी पिशवीतनं ते जुनं पुसट चित्र काढलं आणि मुकुटाशेजारी धरलं. मुकी घुंगरं काठाला गोल गोल, अगदी मोत्यांसारखी. "बघा," त्या म्हणाल्या, "आता चित्रातल्यागत झालं. एवढ्या वर्षांनी अक्काचं बरोबर आलं."

शेवटचं एकच राहिलं, मागच्या बाजूचं. मी चिमटा नेला तर सिस्टरांनी त्यावर बोट ठेवलं.

"हे ऱ्हाऊ दे."

"वाजंल की."

"मला आता कमी ऐकाय येतंय."

"मदरना येतंय न्हवं?"

"त्या पुढं बसत्यात. हे मागं हाय."

"आणि शपथ?"

"शपथ मोडती. एका घुंगरापुरती." सिस्टर डब्याचं झाकण लावत म्हणाल्या. "दर शनिवारी फादरांकडं पापाची कबुली देतो आम्ही. त्यात हे एक घालीन. एक पाप जास्त. तेवढ्यानं फादरांचं काय बिघडत न्हाई."

आणि दिली. दर शनिवारी. फादर दर शनिवारी त्यांना एक माळ जप जास्त सांगायचे. सिस्टर मला म्हणाल्या, "ह्या एका घुंगरापायी माझं केवढं पुण्य झालंय, फादरांस्नी इचारा. पण ते सांगणार न्हाईत. कबुलीतलं त्यास्नी भायेर बोलता येत न्हाई. मेलं तरी."

सण पार पडला. बिशप आले, गेले. मदर पुढं बसल्या होत्या, खूश झाल्या.

नंतर सिस्टरांना म्हाताऱ्या सिस्टर लोकांच्या घरी पाठवलं, दक्षिणेत, त्यांच्या मुलखाकडं. जायच्या आधी हुपरीला येऊन गेल्या. दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "बसत न्हाई. बसले तर उठायला दोघं लागत्यात." आणि मला बजावलं, "जात जावा चर्चला. कुणीतरी ऐकणारं पायजे. मेरीमातेला सवय हाय, पण घुंगराला एकटं वाटंल."

त्या तिकडंच वारल्या. मला फादरांनी सांगितलं. शेवटी मराठीतच बोलायच्या म्हणे, आणि तिथं कुणाला काही कळायचं नाही. मला वाटतं, ते बरंच झालं.

आता मी कोल्हापूरला जातो. आधी अंबाबाई, मग इथं. मागच्या बाकावर बसतो. पंखा इकडं बघतो, तिकडं मान वळवतो, आणि मागं कुठंतरी बारीक, टिण्. ध्यान दिलं नाही तर कळत नाही. मी ध्यान देतो.

मागच्या महिन्यात मदर तिथं आल्या. उभ्या राहिल्या, कान दिला. मला म्हणाल्या, "काका, तुम्हाला काही वाजल्यासारखं ऐकू येतंय का?"

मी म्हटलं, "पंखा असंल."

फादर तिथंच होते. मदरनी त्यांना विचारलं. फादरांनी माझ्याकडं बघितलं, मेरीमातेकडं बघायचं टाळलं, घसा साफ केला. खोटं तर बोलता येत नाही त्यांना. म्हणाले, "मदर, पंखा फार जुना झालाय, हे अगदी खरं आहे."

मदर कामाला पक्क्या. आठ दिवसांत इलेक्ट्रिशियन आणून जुना पंखा काढला, नवा बसवला. मी त्या दिवशी मुद्दाम गेलो. फादर माझ्या शेजारी येऊन बसले. मदरनी स्वतः बटण दाबलं.

नवा पंखा जोराचा आहे. त्यानं लोकांकडं बघितलं. मग सावकाश मान वळवली.

आधीपेक्षा मोठ्यानं वाजलं.